सरांचं प्लस मायनस

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस काहीतरी शोधायला कपाट हलवावं, तर मागं हा एवढा ढीग.

माझा ढीग एका पिवळ्या फायलीत आहे. शिरूरला एस.टी. स्टँडजवळ सायबर कॅफे नवा नवा निघाला होता, तेव्हाचा. घरी कॉम्प्युटर नव्हता. कॅफेतला अर्धा तास नेट जोडण्यातच जायचा, म्हणून मी ग्रुपवरच्या मेलचे प्रिंट काढून घरी आणायचो आणि सावकाश वाचायचो. बायको म्हणायची, "लोक नेटवर जातात, तुम्ही नेट पिशवीतून घरी आणता."

ग्रुपचं नाव होतं 'का बुवा?'. मेंबर चौघंच. मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीच्या लॅबमध्ये केमिस्ट. नंदाताई शिरूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दिवसभर लोकांचं रक्त तपासायच्या. थोरात आप्पा घोडनदीच्या काठचे बागायतदार. शिक्षण जुनी मॅट्रिक, हौस पीएचडीची. आणि चौथे गायकवाड सर, दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सर परीक्षक म्हणून आले होते, तिथं आमची ओळख झाली आणि मग मेलवरून गप्पा सुरू झाल्या.

सर आता नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे किस्से सांगताना मी हसतो, ऐकणाराही हसतो आणि शेवटी त्याला फसवल्यासारखं वाटतं. जाण्याआधी सरांनी आम्हाला एक कोडं घातलं होतं. त्यात माझा पहिला नंबर आला. ती गोष्ट मी घरीसुद्धा धड सांगितलेली नाही. तिथवर मला सरळ जाता येत नाही, वळसा घालूनच जावं लागतं.

* * *

ग्रुपवरचा माझा अगदी पहिला मेल एका ओळीचा होता. "गुरुवारी सकाळी दहाला दौंडला पोचतो."

सरांचं उत्तर त्याहून छोटं. "चूक किती?"

मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मी घाबरून माफी मागितली. मग सरांचा लांबलचक मेल आला. कुठलंही माप सांगताना त्यात चूक किती असू शकते तेही सांगायचं असतं, नाहीतर त्या मापाला अर्थ नाही. खाली लिहिलं होतं, "दहा वाजता ही अफवा आहे. दहा, प्लस मायनस चाळीस मिनिटं, हे विज्ञान. त्यातून तुम्ही एस.टी.नं येणार."

तेव्हापासून ग्रुपचा तो कायदाच झाला. आकडा आला की मागोमाग प्लस मायनस आलंच पाहिजे. नंदाताईंनी एकदा लिहिलं, "सासूबाई राहायला येताहेत. आठ दिवस, प्लस मायनस एक महिना."

सरांनी लगेच पकडलं. "ताई, या हिशेबानं त्या यायच्या बावीस दिवस आधीच परत गेलेल्या असू शकतात."

नंदाताईंचं उत्तर, "तेच तर."

आप्पांनी मात्र हा कायदा घराबाहेर नेला. धाकट्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त व्याह्यांना सांगताना ते फोनवर म्हणाले, "बारा पस्तीस, प्लस मायनस दीड तास." विहीणबाईंना लग्नाच्या बोलण्यात 'मायनस' हा शब्द अशुभ वाटला, त्यांची समजूत काढायला दोन मध्यस्थ पाठवावे लागले. लग्न झाल्यावर आप्पांचा मेल आला. "लग्न लागलं दोन वाजून दोन मिन्टांनी. म्हंजी चुकीच्या आतच हाय."

* * *

आप्पांचे मेल म्हणजे वेगळं प्रकरण. मराठी फॉन्ट तेव्हा कुणाच्याच मशीनवर धड दिसत नसे, म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. आप्पा तर एका बोटानं टाइप करायचे, तेही सगळं कॅपिटलमध्ये. वाचताना बांधावरून हाक मारल्यासारखं वाटायचं.

एका गुरुवारी कॅफेत बसलो, तर आप्पांचा मेल आलेला. विषयाच्या जागी दोनच शब्द, 'वडील गेले'. मेल उघडायला गेलो आणि नेट पडलं. मी नंदाताईंना फोन केला, त्यांनी सरांच्या शाळेत केला. सर पहिला तास घेऊन निघाले, दोन गाड्या बदलून दुपारी शिरूरला पोचले आणि आम्ही तिघं आप्पांच्या वस्तीवर गेलो.

ओट्यावर आप्पांचे वडील बसले होते. धोतराच्या सोग्यानं नवा कोरा चष्मा पुसत होते. आमची उतरलेली तोंडं बघून त्यांनीच विचारलं, "कोण गेलं?"

नंदाताईंनी पदर तोंडाला लावला. सर शांतपणे म्हणाले, "प्रत्यक्ष निरीक्षणावरून, कुणी नाही."

मेल पुढं असा होता: नगरला, चष्मा करायला, आज परत येतील. सगळा उलगडा झाल्यावर म्हातारबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "आता आलाच हाईत, तर पुढल्या बारीचं बी आत्ताच उरकून घ्या. परत कशाला हेलपाटा?"

जाताना सरांनी गाडीत आम्हाला नवा नियम सांगितला. "नुसता विषय वाचून थांबायचं नाही. आत काय लिहिलंय ते उघडून बघायचं." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आम्ही कधी मागं नव्हतो.

* * *

आप्पांनी शेतात पर्जन्यमापक बसवला होता. घरगुतीच, बाटली आणि नरसाळ्याचा. रोज सकाळी सात वाजता नोंद. त्यासाठी शाळेसारखं रजिस्टर घातलेलं. सर आले की त्यातल्या पानापानावर बरोबरची खूण करायचे आणि आप्पा साठीतला माणूस असून खूश व्हायचे.

एकदा माघ महिन्यात त्यांचा मेल आला, "काल पाऊस सात मिलीमीटर." शिरूरला तर कडक ऊन. सरांनी विचारलं, "चूक किती?" आप्पा म्हणाले, "चूक न्हाई. बाटलीत हाय पानी. नंदाताईकडं देतो, तपासून घ्या."

दोन दिवसांनी नंदाताईंचा रिपोर्ट ग्रुपवर आला. "युरिया सापडला. क्रिएटिनिन सापडलं. आप्पा, हा पाऊस नाही. तुमच्याकडं कुत्रं आहे का?"

होतं. मोत्या नावाचं. आप्पांना इतकी शरम वाटली की रजिस्टरातली ती ओळ खोडतो म्हणाले. सरांनी खोडू दिली नाही. "नोंद कधी खोडायची नसते, आप्पा. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष तेवढा चुकला." पुढच्या भेटीत त्यांनी त्या सात मिलीमीटरपुढंही बरोबरची खूण केली.

* * *

आता जरा वेगळा सांगतो.

एका उन्हाळ्यात सरांनी माझ्याकडं पाण्याच्या दोन बाटल्या पाठवल्या. एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'. मी साहेबांना विचारून कंपनीच्या लॅबमध्ये क्षार तपासले आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकला. 'ब' चांगलं, 'अ' जड. कशाचं पाणी ते मला माहीत नव्हतं.

मग सरांनी लिहिलं. 'अ' त्यांच्या गावच्या विहिरीचं, 'ब' त्यांच्या बौद्धवस्तीतल्या विहिरीचं. "उन्हाळ्यात आमची विहीर आटली की माझी आजी गावविहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर पाणी वाढायचे. सुनीलरावांच्या रिपोर्टवरून असं दिसतं, की आजी फारशा चांगल्या पाण्याची वाट बघत नव्हती."

आठ दिवस ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा पुसलं. मग आप्पांचा मेल आला, नेहमीसारखा कॅपिटलमध्ये. "गुरुजी, माझ्या हिरीचं पानी तपासाय या. येतानी बाटली आनू नका. हितंच प्या."

सर गेले. आप्पांची विहीर दगडी, आत उतरायला पायऱ्या. आप्पांनी स्वतः उतरून तांब्या भरून आणला. सरांनी तो उभ्यानं संपवला.

"कसं हाय?"

"क्षार जास्त आहेत, आप्पा."

"मग आनखी एक प्या, म्हंजी खात्री व्हईल."

सरांनी दुसराही प्यायला. त्या वर्षी विहिरीचं पाणी झपाझप खाली चाललं होतं, आप्पांना त्याचा घोर होता. सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असायचाच. ते खाली उतरले आणि पाणी जिथं होतं तिथं भिंतीवर खडूची रेघ ओढून आले. म्हणाले, "दर बुधवारी अशी रेघ ओढत जा. मोजायला लागलं की भीती निम्मी होते."

त्यावर पहिल्यांदाच आप्पांनी त्यांना विचारलं, "प्लस मायनस?"

सर हसले आणि खडू परत खिशात ठेवला.

* * *

आणि मग ते कोडं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या होत्या. एका बुधवारी सरांचा मेल आला. विषय, 'आकडा'. आत लिहिलं होतं, "३८. कशाचा आकडा ते ओळखा. दर बुधवारी नवा देईन."

दुसऱ्या बुधवारी परत ३८. मग ३६, प्लस मायनस दोन. मग ३३. मग ३१.

आम्हाला काय, खेळायला खेळणंच मिळालं. आप्पांनी पहिल्याच झटक्यात सांगितलं, "हिरीचं पानी." सर म्हणाले, "नाही, पण विचाराची दिशा चांगली." नंदाताई म्हणाल्या, कुणाचं तरी वजन. मी म्हटलं, बॅटरीचा चार्ज. सर प्रत्येकाला 'नाही' म्हणायचे आणि पुढचा आकडा द्यायचे. २८. २५.

नंदाताईंनी एकदा विचारलं, "सर, हा आकडा परत वाढवता येतो का?"

"येतो म्हणतात. पण त्यासाठी पुण्याला जावं लागतं. दहावीचा पोर्शन संपला की बघू."

आप्पा म्हणाले, "मंग पंपच बिघडला असनार. त्याला पुन्याला कशाला जायाचं? शिरूरला आपला मिस्त्री हाय, झकास काम करतो."

सरांनी उत्तर दिलं, "आप्पा सगळ्यात जवळ पोचले."

हा मेल माझ्या फायलीत आहे. त्यावर मी तेव्हा पेननं हसरा चेहरा काढला होता. तोही आहे.

मी हटून बसलो होतो. कशाचा आकडा ते कळत नसेल तर न कळो, पुढचा आकडा तर सांगता येईल. लॅबच्या कॉम्प्युटरवर सगळे आकडे भरले, ग्राफ काढला. रेषा सुरेख बसली. गुरुवारी कॅफेत जाऊन मी ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या बुधवारी २२, प्लस मायनस एक. आणि सर, रेषा अशीच गेली तर होळीच्या सुमारास शून्य. शून्यावर काय होतं, तेही सांगून ठेवा."

पुढच्या बुधवारी सरांचा मेल आला. "२२. सुनीलराव बरोबर. बक्षीस म्हणून एक भेळ. शून्यावर काय होतं ते मलाही माहीत नाही. पण रेषा शेवटपर्यंत सरळच जाते असं नसतं."

तो प्रिंट मी कंपनीत चार जणांना दाखवला. साहेबांनाही दाखवला. इतका आनंद मला इन्क्रिमेंटचाही झाला नव्हता.

त्यानंतर १९ आला.

त्यानंतरच्या बुधवारी काहीच आलं नाही. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी कॅफेत गेलो, इनबॉक्स रिकामा बघून मला चेव आला आणि मी लिहिलं, "बुधवार चुकला, सर. परीक्षकच गैरहजर? शिस्त पाळा. माझा अंदाज १६."

शुक्रवारी दुपारी सरांच्या शाळेतल्या क्लार्कनं नंदाताईंच्या लॅबमध्ये फोन केला. मंगळवारी संध्याकाळी शाळेतून घरी जाताना सर वाटेत खाली बसले आणि परत उठले नाहीत. हार्ट. बुधवारी सकाळी सगळं उरकलंही होतं.

म्हणजे मी शिस्त शिकवत होतो, तेव्हा सरांना जाऊन दोन दिवस होत आले होते. तो मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये अजून तसाच बंद पडून असेल. मला तो परत घेता येत नाही. पुष्कळ वर्षं झाली, तरी 'शिस्त' हा शब्द मी कुणाला लिहिलेला नाही.

* * *

जलदान विधीच्या दिवशी आम्ही तिघं दौंडला गेलो. न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून, एस.टी.नं. तिघांपैकी कुणीही किती वाजता पोचू ते बोललं नाही.

घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. शेजारी सरांचा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. वंदना झाली, माणसं पांगली. सरांच्या मिसेस आमच्याजवळ येऊन बसल्या. आम्ही त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, पण त्या आम्हाला नावानिशी ओळखत होत्या. "तुम्ही आप्पा. या नंदाताई. आन् तुम्ही सुनीलराव. तुमचं लई कौतुक सांगायचे. म्हनायचे, पोराशी आकडे बोलतात."

मी मान खाली घातली.

"डाक्टर दिवाळीतच म्हनले होते, पुन्याला जाऊन तपासून घ्या," त्या सांगू लागल्या. "हे म्हनायचे, दहावीची पोरं हायेत, पोर्शन संपू द्या. मी रोज इचारायची, कसं वाटतंय? तर म्हनायचे, काळजी करू नको, मी रोज मोजतोय. घरात आले की आधी वहीत सकाळचा आकडा लिवायचे, मग चपला काढायचे. काय मोजत होते, ते मला न्हाई सांगितलं. तुमाला तरी ठाऊक होतं का?"

रक्त कमी निघालेल्या प्रत्येक पेशंटला 'दम लागतो का?' असं विचारणाऱ्या नंदाताई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "आकडे ठाऊक होते हो, वहिनी. सगळे आकडे ठाऊक होते."

वहिनींनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाल्या, "स्टँडला जायला रेल्वेचा पूल ओलांडून जावा. हे तसंच जायाचे शाळेला. जवळ पडतं."

सरांचं घर लोहमार्गाच्या अलीकडं, शाळा आणि स्टँड पलीकडं. आम्ही पुलापाशी आलो. खाली मालगाडी उभी होती. आप्पा पुढं, मग नंदाताई, मागं मी. प्लस मायनसचा कायदा झाल्यापासून आप्पांना काहीही मोजायची सवय लागली होती, झाडं, गाड्या, पंगतीतली माणसं. ते पायऱ्याही मोजत चढायला लागले. नेहमीसारखं, मोठ्यानं.

सर रोज सकाळी शाळेला जाताना याच पायऱ्या चढायचे.

"सतरा, अठरा, एकोनीस."

नंदाताई थांबल्या. कठड्याच्या भिंतीवर, पायरीला लागून, खडूची एक आडवी रेघ होती.

"वीस, एकवीस, बावीस."

बाविसाव्या पायरीला रेघ नव्हती. तिथं खडूनं बरोबरची खूण केली होती.

मी तिथंच बसलो. वर पंचविसाव्या पायरीला एक रेघ दिसत होती, अठ्ठाविसाव्याला आणखी एक, पुसट. त्याच्या वरच्या रेघा लोकांच्या हातांनी पुसून गेल्या असाव्यात. नंदाताई माझ्या शेजारी टेकल्या. आप्पांनी वळून बघितलं नाही. ते आकडे म्हणत वर चढत राहिले, आवाज मात्र हळूहळू बारीक होत गेला. शेवटच्या पायरीवर पोचून त्यांनी कठडा धरला.

"अडतीस."

प्लस मायनस कुणी विचारलं नाही.